उत्तर न मिळणारे ठराव

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील चाळीसेक गावांच्या, कर्नाटकात जाण्याच्या ठरावाचा दाखला देऊन त्या गावांवर दावा सांगितला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लगेच खुलासा केला की ठराव 2012 चा आहे, अलीकडे कोणत्याही गावाने तसे ठरवलेले नाही. खुलासा बरोबर होता. पण पाणी द्या, नाहीतर शेजारच्या राज्यात जाऊ द्या, असे गावेच्या गावे लिहून देतात, आणि दहा वर्षांनी राज्याला त्या कागदाची तारीख तेवढी सांगता येते, हे गंभीर आहे. त्यानंतरच्या काही आठवड्यांत कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतमधील तिकोंडीच्या तलावापर्यंत आले, आणि मुंबईत कृष्णेचे पाणी जतपर्यंत नेणाऱ्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या कामाला वेग आला.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गावाच्या ठरावाने पाणी येत नाही. कृष्णेचे पाणी आंतरराज्य पाणीतंटा लवादाच्या वाटपात बसावे लागते, त्याचे टीएमसी ठरावे लागतात, पंपगृहे, वीज आणि खर्च यांचे गणित जुळावे लागते. जत पूर्व भागातील पासष्ट गावांसाठी पाण्याची तरतूद करण्याची हालचालही बोम्मई बोलण्याआधीच सुरू झाली होती. शिवाय राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 3 नुसार संसदेचा आहे, ग्रामसभेचा नाही. हे सगळे मान्य. पण पाणी देता येत नसेल तर का नाही, आणि येत असेल तर कोणत्या टप्प्यात, एवढे लेखी सांगायला लवाद आड येत नाही. उमदी आणि संखसारख्या गावांना सीमेचा धाक दाखवण्याइतके टोक गाठावे लागले, कारण साध्या मागणीला उत्तर देण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

आजची वाट अशी आहे. ग्रामसभा ठराव करते, ग्रामपंचायत अधिकारी तो पंचायत समितीला पाठवतो, तिथून तो जिल्हा परिषदेत किंवा पाटबंधारे खात्यात जातो. सरपंच निवेदनाच्या प्रतीवर पोहोच घेतो, आणि पुढचा पाठपुरावा त्याच्या चपला झिजवण्यावर अवलंबून राहतो. म्हैसाळचे निर्णय घेणारे कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 मध्ये स्थापन झाले. गावाने ठराव पाठवला म्हणून या महामंडळाला तो विचारात घ्यावाच लागतो, असे नाही. जिल्हा नियोजन समिती ही घटनेने दिलेली दुसरी जागा. तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. पण सांगली जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. बोम्मईंच्या वक्तव्याच्या वेळी जतच्या बाजूने जिल्ह्याच्या सभागृहात बोलायला एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. अर्थात 2012 मध्ये सदस्य होते, तरी ठराव पडूनच राहिले. म्हणून निवडणुका वेळेवर होणे आवश्यक असले तरी तेवढे पुरेसे नाही.

आमदार असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. आमदाराचा जोर तो सत्तेच्या कोणत्या बाजूला आहे यावर कमीजास्त होतो. गावाची तहान सरकार बदलल्याने बदलत नाही. राज्यात हजारो ग्रामपंचायती आहेत, प्रत्येकीला उत्तर देत बसले तर कामे कधी होणार, ही प्रशासनाची अडचण मात्र खरी आहे. त्यावर उपाय जिल्हा परिषदेने करावा. एका पाणलोटातील किंवा एका योजनेच्या टोकावरच्या गावांचे ठराव एकत्र करून, क्षेत्र, लोकसंख्या आणि टँकरची नोंद जोडून, एकच मागणी वर पाठवावी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. तशीच मुदत ग्रामसभांच्या या एकत्रित मागणीलाही लागू करावी. उत्तरात किती पाणी, कोणत्या तलावात, कोणत्या वर्षी हे असावे, आणि नकार असेल तर त्याची कारणे सहीनिशी द्यावीत. ती कारणे हाती असतील तर गावाला पुढच्या ग्रामसभेत नवा आराखडा मांडता येईल, वरच्या कार्यालयात अपील करता येईल, किंवा न्यायालयात जाता येईल.