पिवळ्या पानांतला वेताळ

मार्च १९६४मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्सची मालिका १९९०मध्ये थांबली. वेताळाच्या साहसांचे तिचे मराठी अंक संग्राहक आज ऑनलाइन शोधतात. काही संकेतस्थळांवर अंक तिसऱ्याच कुणाच्या मालकीचा असतो; संकेतस्थळ तो विकून देते आणि आपली दलाली कापून घेते. डोंबिवलीत बसून घेणाऱ्याची सगळी भिस्त मग फोटोंवर.

पण त्या फोटोंत कागदाचे रसायन वाचता येते. स्वस्त वृत्तपत्री कागदात लाकडातले लिग्निन शिल्लक असते. प्रकाश आणि प्राणवायू मिळाला की ते पिवळे-तपकिरी होत जाते. कागदातले आम्ल दमट हवेत सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते, म्हणून जुने पान दुमडताच तुटते. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठच्या पावसाळ्यात हे अधिकच वेगाने घडते. पिना गंजतात आणि गंज भोवतालचा कागदही पोखरतो. मुखपृष्ठ कितीही चकचकीत दिसो, मधल्या पानांचा आणि पिनांचा जवळून काढलेला फोटो मागाच. माझा भरवसा मुखपृष्ठापेक्षा पिनांवर जास्त.

अंक हातात आल्यावर नक्कल ओळखायला भिंग हवे. मूळ छपाईत काळी अक्षरे सलग शाईची असतात; स्कॅन करून छापलेल्या प्रतीत त्यांच्या कडा बहुतेकदा ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात.

अंक घरी आला की लॅमिनेशन मात्र नको. चिकटलेला थर पुन्हा सुटत नाही. पॉलिएस्टरची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा पुरे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच आत येते.