मरियामातेला अटक, मिरवणूक रिकाम्या चौकटीची

2 सप्टेंबर 1966. पोलंडमध्ये वॉर्साहून कातोवित्सेकडे निघालेली एक गाडी पोलिसांनी वाटेत अडवली. गाडीत ना शस्त्रं होती, ना सरकारविरोधी पत्रकं. होतं फक्त एक चित्र. सावळ्या चेहऱ्याची, गालावर दोन वार असलेली मरियामाता! चेन्स्तोहोवाच्या यास्ना गुरा मठातल्या मूळ चित्राची ही प्रत 1957 पासून गावोगाव फिरत होती. ती येणार म्हटलं की अख्खा गाव वेशीवर. कम्युनिस्ट सरकारचा जीव वरखाली व्हायचा तो या गर्दीमुळे.

चित्राला तुरुंगात टाकता येत नाही. मग पोलिसांनी ते यास्ना गुरा मठात पोचवलं आणि बजावलं, की आता इथून हलायचं नाही. मठाबाहेर पहारा बसला. बाहेर पडणाऱ्या गाड्या उघडून बघायचं काम पोलिसांच्या गळ्यात पडलं. जगातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याला एवढी विचित्र ड्यूटी मिळाली नसेल.

त्याच वर्षी जूनमध्येही पोलिसांनी चित्राची वाट वळवून ते परस्पर वॉर्साच्या कॅथीड्रलमध्ये पोचवलं होतं. धर्मगुरूंनी काय करावं? चित्र उचलून आतल्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. खिडकीला होते गज. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायची ती गजाआडची मरियामाता. सरकारची याहून वाईट जाहिरात सरकारच्या शत्रूलाही सुचली नसती.

चौकट तर चौकट!

चित्र अडकलं, पण दौरा थांबला नाही. पुढच्या गावांत निघाली ती रिकामी चौकट! सोबत एक मेणबत्ती आणि बायबलमधल्या शुभवर्तमानाची प्रत. लोकांनी याच लवाजम्याचं तितक्याच थाटात स्वागत केलं. चौकट रिकामी का, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. थोडाथोडका काळ नव्हे, जवळजवळ सहा वर्षं हे चाललं.

मग 13 जून 1972 रोजी युझेफ वुइचिक नावाच्या फादरांनी दोन सिस्टर आणि आणखी एका फादरांच्या मदतीने चक्क मठातून चित्र पळवलं. पाच दिवसांनी, 18 जूनला, रादोम शहरात भर गर्दीत ते प्रकट झालं. आता हजारो लोकांसमोरून पुन्हा उचलायचं म्हणजे आफतच. सरकारने हात टेकले आणि चित्र पुढच्या गावाला लागलं.

एका वर्षात दोन हजारी

एवढा तंटा 1966 सालीच का पेटला? कारण पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला 966 मध्ये. चर्चचं म्हणणं, ही बाप्तिस्म्याची हजारी. सरकारचं म्हणणं, ही पोलिश राज्याची हजारी. दोन मांडव, एकच तारीख. चर्चच्या बाजूला होते कार्डिनल स्तेफान व्हिशिन्स्की. त्यांना सरकारने 1953 ते 1956 अशी तीन वर्षं स्थानबद्ध करून ठेवलं होतं. दौऱ्याचा आराखडा त्यांचाच. 3 मे 1966 च्या सोहळ्याला पोप पॉल सहावे यायला तयार होते, सरकारने येऊ दिलं नाही. यास्ना गुरावर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली गेली. तिच्यावर पोपचं चित्र आणि फुलं. थोडक्यात काय, त्या वर्षी पोलंडमध्ये रिकाम्या वस्तूंना फार भाव होता.

सरकारच्या पदरात एक श्रेय मात्र टाकायलाच हवं. पक्षप्रमुख गोमुल्कांनी हजारीला उत्तर म्हणून हजार शाळा बांधायची घोषणा केली आणि हजाराहून जास्त बांधल्यासुद्धा. गंमत अशी, की नोवा हुतामध्ये अशाच एका शाळेपायी गोंधळ उडाला. हे क्राकूवजवळचं पोलादनगर मुद्दाम चर्चशिवाय वसवलेलं. चर्चसाठी कबूल केलेल्या जागेवर लोकांनी क्रूस उभारला होता. तिथे शाळा बांधायची म्हणून 27 एप्रिल 1960 रोजी कामगार तो उपटायला आले. आधी बायका धावल्या, मग सगळं नगर. अश्रुधूर, दगडफेक, धरपकड झाली. क्रूस जागेवरच राहिला. चर्च मात्र 1977 मध्ये उभं राहिलं. त्याचा अभिषेक करणारे कार्डिनल कारोल वोयतिवा पुढच्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे झाले. हेच वोयतिवा क्राकूवच्या कॉर्पुस क्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत, भर प्रवचनात, जुना मार्ग परत मागायचे. मिरवणूक पूर्वी शहराच्या मुख्य चौकात जायची. कम्युनिस्टांनी ती व्हावेल टेकडीच्या आसपासच कोंडून टाकली होती.

देवीची नाही, देवीच्या रोगाची सबब

वॉर्साहून चेन्स्तोहोवाला पायी जायची परंपरा 1711 पासूनची. जवळजवळ अडीचशे किलोमीटर, म्हणजे आपल्या आळंदी-पंढरपूर वारीएवढीच चाल. ही वाट सुरू झाली प्लेगच्या साथीत केलेल्या नवसातून. म्हणूनच 1963 ची हकीकत मजेशीर वाटते. त्या उन्हाळ्यात व्रोत्स्वाफ शहरात देवीची साथ आली होती. तेवढ्यावर सरकारने पदयात्रा बंद केली. जे नवस करून साथीविरुद्ध चालायला लागले, त्यांना साथीचं निमित्त सांगून थांबवलं! तरी काही जण निघालेच. पुढच्या वर्षांत पदयात्रा चालू राहिली आणि तिच्यात गुप्त पोलिसांची माणसंही चालत होती. पाय त्यांचेही दुखले असणार.

लिथुआनियात तर याच्यावर कडी झाली. शिलुवाच्या मरिया मंदिराकडे जाणारे रस्ते 80 च्या दशकात डुकरांच्या साथीचं कारण सांगून अडवले गेले. त्याच देशातल्या क्रूसांच्या टेकडीवर 1961 मध्ये बुलडोझर फिरला. लाकडी क्रूस जाळले, लोखंडी भंगारात गेले. लोक पुन्हा रोवत गेले. 1973 आणि 1975 मध्ये पुन्हा बुलडोझर. शेवटी बुलडोझरच दमले.

महाराष्ट्राचाही या गोष्टीशी एक धागा आहे. स्टालिनने 1940 मध्ये सायबेरियाला हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. शाळा आणि चर्चसह एक छोटं पोलंडच तिथे वसलं. छावणी उठली तोवर मायदेशात कम्युनिस्टांची पकड पक्की झाली होती.

चेकोस्लोव्हाकियातल्या वेलेहरादला 7 जुलै 1985 रोजी संत मेथोडियसच्या मृत्यूला 1100 वर्षं झाल्याचा मेळा भरला. लाखाहून जास्त भाविक आलेले. सरकारने त्याला शांतता मेळाव्याचं रूप द्यायचं ठरवलं आणि सांस्कृतिक मंत्री क्लुसाक भाषणाला उभे राहिले. त्यांनी सिरिल आणि मेथोडियसची नावं नुसतीच घेतली. लोक ओरडले, ‘संत! संत!’ मंत्री पुढे बोलत राहिले, लोकही दुरुस्ती करत राहिले. अशी शिकवणी मंत्र्यांना सहसा मिळत नाही.

हंगेरीत 20 ऑगस्टला राजा संत स्टीफनच्या उजव्या हाताच्या अवशेषाची मिरवणूक निघायची. कम्युनिस्टांनी ती बंद पाडली. त्या दिवसाला राज्यघटनेचा दिवस केलं आणि भरीला नव्या गव्हाच्या पावाचा सण लावून दिला. 1989 मध्ये मिरवणूक परत आली. पावाचा सणही कुणी हटवला नाही. आता त्याच दिवशी हात फिरतो आणि सरकारने आणलेल्या पावावर धर्मगुरू आशीर्वाद देतात.