मुसके घालून चरायला शिकताना

घोड्याची पचनसंस्था दिवसभर थोडेथोडे खात राहण्यासाठीच घडलेली आहे. मोकळ्या कुरणावर तो चोवीस तासांपैकी साधारण दहा ते सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, आणि चावताना सुटणारी लाळ व पोटात पोचणारा चारा यांमुळेच त्या आम्लाला आवर बसतो. म्हणून अंगावर चरबी साचलेल्या घोड्याला उपाशी ठेवणे हा उपाय त्याच्या जिवावर बेतू शकतो. लांबलेल्या उपासाने जठरात व्रण पडतात आणि लठ्ठ तट्टांच्या बाबतीत रक्तातील चरबी एकाएकी वाढून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. चरणे चालू राहावे, पण पोटात जाणारे गवत मात्र घटावे, या दुहेरी गरजेतून पाश्चात्त्य देशांत चराईचे मुसके प्रचारात आले.

कोळपणीच्या वेळी उभे पीक खाऊ नये म्हणून महाराष्ट्रातील शेतकरी बैलाच्या तोंडाला जे मुसके बांधतो, त्याच्याशी या साधनाचे रूप जुळते, परंतु उद्देश जुळत नाही. बैलाचे मुसके खाणे थांबवते. घोड्याच्या मुसक्याच्या तळाला एक किंवा अनेक भोके असतात, त्यांतून गवताची थोडीच पाती वर येतात आणि तेवढीच घोड्याला खुडता येतात.

या साधनाची सर्वाधिक गरज ब्रिटनसारख्या देशांत भासते, आणि त्याचे कारण तेथील तट्टांच्या व गवताच्या इतिहासात आहे. शेटलंड, एक्समूर, डार्टमूर, वेल्श यांसारख्या जाती निकस माळरानांवर घडल्या. उन्हाळ्यात अंगी चरबी साठवायची आणि हिवाळ्यात ती खर्चून तगायचे, हा त्यांचा जीवनक्रम होता. आज मात्र ही तट्टे बहुधा रायगवताच्या हिरव्यागार कुरणांवर राहतात. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे 1919 साली स्थापन झालेल्या वनस्पती-पैदास केंद्रासारख्या संस्थांनी रायगवताचे जे सुधारित वाण विकसित केले, त्यांचा हेतू गुरांना सकस चारा मिळावा हा होता, त्यामुळे त्यांत शर्करेचे प्रमाण मोठे असते. स्वच्छ ऊन आणि थंड रात्र अशा हवामानात गवताची वाढ मंदावते, पण प्रकाशसंश्लेषण चालूच राहते. तेव्हा न वापरलेली शर्करा फ्रुक्टान या रूपात पात्यांत व खोडांत साठत जाते.

या मुबलक शर्करेचा सर्वांत भयंकर परिणाम खुरांवर होतो. घोड्याच्या पायाचे शेवटचे हाड खुराच्या कवचाला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी जोडलेले असते, आणि घोडा आपले वजन या जोडणीवरच तोलून धरतो. या पापुद्र्यांना इजा होऊन त्यांची पकड सुटू लागते, त्या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात; तो बळावला तर हाड खुरात फिरते किंवा खाली सरकते, आणि वेदना असह्य झाल्यास प्राण्याला दयामरण द्यावे लागते. शर्करा पोटात गेली की रक्तातील इन्सुलिन वाढते; 2007 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तातील हेच इन्सुलिन बराच काळ चढे ठेवून हा विकार घडवून दाखवला, आणि तेव्हापासून लठ्ठपणा, इन्सुलिनचा बिघाड व खुरांचा आजार ही साखळी स्पष्ट झाली.

चराईचे तास कमी करणे हा उपाय वरवर सोपा वाटतो, पण तट्टू त्यावर मात करते. रोज केवळ तीन तास सोडलेली तट्टे इतक्या झपाट्याने चरतात की तेवढ्या वेळात आपल्या वजनाच्या एक टक्क्याच्या जवळपास शुष्क चारा पोटात ढकलतात, असे ब्रिटनमधील अभ्यासांत दिसले आहे. मुसक्यामुळे खाण्याचा वेगच घटतो. गवताचा प्रकार, त्याची उंची आणि मुसके घालण्याचा कालावधी यांनुसार ही घट काही प्रयोगांत सुमारे 30 टक्के, तर काहींत सुमारे 80 टक्के भरली.

एवढे उपयुक्त साधन घोड्याला नकोसे का वाटते, याचे उत्तर त्याच्या इंद्रियांत सापडते. घोड्याला स्वतःच्या नाकाखालची जागा दिसत नाही. तोंडासमोर काय आहे हे तो ओठांभोवतीच्या राठ स्पर्शकेसांनी आणि चपळ वरच्या ओठाने चाचपून ओळखतो. मुसके नेमके हेच अवयव झाकते. त्यामुळे गवत डोळ्यांसमोर असूनही ते तोंडात कसे घ्यावे हे त्याला उमगत नाही, आणि काहीच मिळत नाही असा अनुभव पहिल्याच दिवशी आला तर तो प्रयत्न सोडून देतो किंवा मुसके खांबावर घासून काढू पाहतो.

म्हणून सरावाची सुरुवात कुरणावर न करता तबेल्यात करावी. पहिल्यांदा मुसके नुसते हुंगू द्यावे, मग त्याच्या तळाशी आवडीचा घास ठेवून घोड्याला आपणहून तोंड आत घालू द्यावे, आणि पट्टे बांधण्याची घाई करू नये. हे तो निर्धास्तपणे करू लागला की पट्टे काही मिनिटांपुरते बांधावेत, तळाच्या भोकातून गवताच्या काड्या एकेक आत सरकवाव्यात, आणि तो चुळबुळ करू लागण्यापूर्वीच मुसके उतरवावे. झटापट केल्यावर सुटका होते असा धडा मिळाला, तर घोडा झटापटच शिकतो. पुढे कुरणावर नेल्यावर गवताची उंची पाहावी, कारण फार आखूड गवत भोकापर्यंत पोचत नाही आणि फार उंच गवत मुसक्याखाली आडवे पडते. पाच ते दहा सेंटिमीटर उंचीचे, ताठ उभे गवत नवशिक्या घोड्याला सोयीचे पडते. तो मुसक्यातून पाणी पितो आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याला एकटे सोडू नये. वेळ रोज थोडा वाढवत एक-दोन आठवड्यांत ठरलेल्या कालावधीपर्यंत न्यावा.

मुसक्याचे माप तितकेच महत्त्वाचे आहे. ओठ आणि तळ यांत सुमारे अडीच सेंटिमीटर मोकळी जागा असावी, नाकपुड्या दबू नयेत, आणि कुठे अडकल्यास ताण पडताच सुटेल असा पट्टा असावा. कातडी सोलवटली आहे का आणि पुढचे दात झिजत आहेत का, याची नियमित तपासणी व्हावी. मुसके घातलेल्या घोड्याला सोबत्याची मान दातांनी खाजवून देता येत नाही, म्हणून ते दिवसाकाठी दहा-बारा तासांहून अधिक ठेवू नये असा सल्ला सामान्यतः दिला जातो. मात्र उरलेल्या वेळात त्याला त्याच कुरणावर मोकळे सोडले, तर तो राहिलेली कसर भरून काढतो, हेही प्रयोगांत आढळले आहे. त्या वेळात त्याला मोजून दिलेले, कमी शर्करेचे वाळलेले गवतच घालावे.

अमेरिकेत लहान चणीच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात, मुसक्याला सरावलेल्या प्राण्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणदर्शक संप्रेरकात वाढ आढळली नाही. पण प्रत्येक घोड्याचा स्वभाव निराळा असतो. मुसके घालूनही घोडा कळपाबरोबर निवांत चरू लागला, तरच तो सरावला असे मानावे. तो मान खाली घालून एकटा उभा राहत असेल किंवा सतत पाय आपटत असेल, तर मुसके उतरवून पशुवैद्याच्या सल्ल्याने दुसरा मार्ग शोधणे हे मालकाचे कर्तव्य आहे.