डिस्क सगळ्यात शेवटी

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि बंद पडली. ट्रॅक मात्र जागेवर आहे. पैसे भरून तिथे स्वतःची गाडी मनसोक्त पळवायची, याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. फेरी पाच किलोमीटरच्या जरा वर. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरहून लांब सरळ रस्ता लागतो, आणि पोर्शे केमनसारखी गाडी तिथे ताशी दोनशे सहज ओलांडते. पुढे लगेच चौथं वळण, चांगलंच आखूड. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ब्रेक चोख लागतात. मग पेडल जरा खोल जायला लागतं, पॅडचा जळका वास येतो आणि हौशी चालक पिटमध्ये परतताना ठरवूनच टाकतो, की आता मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क घ्यायच्या.

घाई होते ती इथेच. गाडी थांबवतात ते टायर. रस्त्याची पकड संपली की एबीएस पेडलाखाली खडखडायला लागतं, आणि तिथून पुढे डिस्क परातीएवढी केली तरी गाडी एक फूटही अलीकडे थांबणार नाही. कंपनीचे ब्रेक थंड असताना एबीएस जागं करत असतील, तर त्यांच्यात जोर पुरेसा आहे. कमी पडतं ते उष्णता पचवण्याचं बळ.

किती उष्णता? दीड टनाची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणायची, तर सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नळाचं साडेसहा लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी, आणि तीही साडेतीन-चार सेकंदांत. यातली सत्तर टक्के पुढच्या दोन चाकांवर गेली असं धरलं, तर बिडाच्या नऊ किलोच्या डिस्कचं तापमान त्या एका ब्रेकमध्ये दीडशे अंशांहून जास्त चढतं. ती निवते न निवते तोच पुढचं वळण. शहरात शंभरवरून थांबण्याचा प्रसंगच क्वचित येतो, आणि त्यातही ऊर्जा याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असते. बोरघाटात ट्रकचे ब्रेक निकामी होतात ते याच कारणाने. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते उष्णतेचा भार इंजिनाने वाटून घ्यावा म्हणून.

साखळीत आधी तुटतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पण पाणी मुरलेलं तेच तेल १५५ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपल्याकडचा पावसाळा आठवा. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट तळाला टेकतो. रेसिंगसाठीचं ताजं तेल तीनशेच्या वर तग धरतं. ते बदलणं आणि चारही चाकांची हवा नीट काढणं हा डिस्कच्या मानाने किरकोळ खर्च आहे. मात्र डॉट ५ नावाचं तेल सिलिकॉनचं असतं. डॉट ५.१ समजून ते घेऊ नका.

मग पॅड. पेडल घट्ट आहे, पण दाबूनही गाडी म्हणावी तशी थांबत नाही, अशी तक्रार असेल तर पॅडची मर्यादा ओलांडली गेली आहे. पेडल मऊ होणं वेगळं, हे वेगळं. ही दोन लक्षणं ओळखता आली तरी बरेच पैसे वाचतात. ट्रॅकचे पॅड जास्त तापमान सोसतात, पण रोजच्या वापरात किंचाळतात, चाकं काळी करतात आणि सकाळी पहिल्या सिग्नलला थंडच असतात. ट्रॅकला जाताना घालावे, परतल्यावर काढावे.

एवढं करूनही भागलं नाही तर डिस्क. भोकांच्या डिस्क दिसतात झकास. भोकं आली ती जुन्या पॅडमधून सुटणाऱ्या वायूला वाट द्यायला. आताच्या पॅडमधून तो फारसा सुटत नाही, आणि ट्रॅकवर तडे नेमके त्या भोकांपासून सुरू होतात. हौशी माणसाने खाचा असलेली किंवा सरळ सपाट डिस्क घ्यावी, असं माझं मत. खरा फायदा डिस्कच्या वजनात आणि पोटातल्या पात्यांत असतो. फिरणारी डिस्क मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. पाती वळलेली असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली हवीत. वरच्या खाचा बघून बाजू ठरवू नका, कडेतून आत डोकावून बघा. अदलाबदल झाली तरी ब्रेक लागतात, फक्त हवा कमी खेळते. थंड हवेची नळी बसवायची असेल तर तिचं तोंड डिस्कच्या मधोमध हवं. नुसत्या एका पृष्ठभागावर वारा मारण्यात अर्थ नाही.

दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये मधली टोपी ॲल्युमिनियमची असते. वजन घटतं, आणि तापलेल्या बिडाला फुगायला मोकळीक मिळते. कार्बन-सिरॅमिक तर आणखी हलकी. पोर्शेने २००१ च्या जीटी२ मध्ये ती मूळचीच दिली होती. पण किंमत पाहता ट्रॅकवर झिजवायला जीव होत नाही. पुढच्या डिस्क फार मोठ्या करून मागच्या तशाच ठेवल्या, तर पुढे-मागेचा तोल बिघडतो आणि थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं.

डिस्क ब्रेकची ख्याती मुळात उष्णता पचवण्यातूनच झाली. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क घेऊन उतरली आणि जिंकली. ड्रम ब्रेकवाल्यांना जपून ब्रेक मारावे लागत असताना ती उशिरापर्यंत वेगात राहू शकत होती.

डिस्क ‘वाकली’ म्हणून लेथवर नेण्याआधी एक पाहावं. स्टिअरिंग थरथरतं ते पुष्कळदा पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटल्यामुळे. नवे पॅड-डिस्क ठरावीक पद्धतीने, हळूहळू तापवून बसवले नाहीत, किंवा लाल तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, की हे होतं. म्हणून शेवटची फेरी सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता काढायची, आणि पिटमध्ये हँडब्रेक न ओढता चाकाला अडसर लावायचा.

चाकं निवली की डिस्कवरून नख फिरवायचं. केसासारख्या बारीक रेघा चालतात. नख अडकलं किंवा तडा कडेपर्यंत पोचला, तर ती डिस्क त्याच गाडीवर घरी परत जाता कामा नये. काठावर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजून घ्या. बुद्धहून पुण्याला परतायचं म्हणजे चौदाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे.