बळाचेही मोजमाप हवे

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पोते हाताने उचलून त्याचे वजन कोणी ठरवीत नाही. मुरलेल्या व्यापाऱ्याचा अंदाज सहसा चुकत नाही, हे खरे. तथापि बिल होते ते काट्यावरील आकड्यावरूनच, आणि त्या काट्याचीही वैधमापन विभागाकडून मुदतीने पडताळणी होते. हेच व्यापारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी घेऊ लागले, की मात्र ‘पायात आता बरी ताकद आली’ एवढ्या शब्दांवर समाधान मानतात.

स्नायूंचे बळ हाताने तपासण्याची पद्धत जुनी आहे. रुग्णाने पाय ताणून धरावयाचा, तपासणाऱ्याने हाताने विरोध करावयाचा आणि ० ते ५ पैकी एक श्रेणी द्यावयाची. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये, युद्धात नसांना इजा झालेल्यांसाठी, ही श्रेणी रूढ केली. स्नायू मुळीच हलत नाही की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलतो, हे तीवरून उत्तम कळते. अडचण येते ती ४ आणि ५ या श्रेणींत. मांडीचा पुढचा स्नायू तपासणाऱ्याच्या हातापेक्षा कितीतरी बलवान असतो. त्यामुळे बळाचा मोठा हिस्सा गमावलेला पायही हाताला ‘उत्तम’ वाटू शकतो.

ही उणीव नव्याने लक्षात आलेली नाही. बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लोव्हेट यांनी १९१५ च्या सुमारास पोलिओग्रस्त मुलांचे स्नायुबळ चक्क स्प्रिंगच्या काट्याने मोजले होते. आजचा हाती डायनॅमोमीटर हा त्याच काट्याचा वारस होय. मुठीत मावणारे हे उपकरण पायाला टेकवून रुग्णाने जोर लावला, की त्यावर बळाचा आकडा उमटतो. बलवान स्नायूंसाठी ते पट्ट्याने जखडतात, म्हणजे तपासणाऱ्याच्या शक्तीचा प्रश्न उरत नाही.

आकड्याचे मोल निर्णयाच्या वेळी कळते. गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली येते, असे अभ्यासांत आढळले आहे. पुढे वेदना ओसरते आणि घरचे लोक उपचार थांबवितात. वस्तुतः वेदना आणि बळ ही दोन वेगळी खाती आहेत. एक मिटले म्हणून दुसरे मिटत नाही. अशक्त पायाने जिना उतरताना तोल गेला, तर वृद्धाला पुन्हा अंथरूण धरावे लागते. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या तरुण खेळाडूंतही, मांडीचे बळ दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाल्याविना मैदानात उतरू नये, असा संकेत रूढ आहे.

हाताच्या पकडीचे बळही बरेच सांगून जाते. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार व्यक्तींच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकड ५ किलोने कमी असल्यास मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक दिसला. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोंहून कमी पकड हे स्नायुक्षयाचे लक्षण मानले जाते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागले, तर तीही सूचनाच समजावी. वृद्धांची ही चाचणी कोणी तरी जवळ उभे असतानाच करावी.

अर्थात आकडाही डोळे झाकून मानू नये. उपकरण, बसण्याची स्थिती आणि पट्ट्याची जागा दर वेळी तीच हवी. वेदनेने जोर कमी लागला असल्यास तशी नोंद हवी. वयस्करांचा दुसरा गुडघाही झिजलेला असू शकतो, म्हणून तुलना स्वतःच्या मागील आकड्याशीही करावी. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी पूर्ण जोर लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नेरुळ आणि कामोठे येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. नवी मुंबईकरांना अशा चाचणीची चौकशी करणे कठीण नाही. पहिल्याच भेटीत दोन्ही पायांचे आकडे लिहून घ्यावेत आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजून त्याच कागदावर मांडावेत. पेढीवर पुन्हा बसणे असो वा शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या चढण्याचा संकल्प असो, तो कागद समोर ठेवूनच उपचारकाशी बोलावे.