सिबिलमधली चूक नेमकी कोणाची?

कर्जाचा अर्ज फेटाळताना ‘तुमचं सिबिल खराब आहे’ एवढंच सांगितलं जातं आणि अर्जदाराचा सगळा राग सिबिलवर निघतो. सिबिल ही देशातल्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी एक. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन. कोणी किती हप्ते भरले याचा हिशेब या कंपन्या स्वतः ठेवत नाहीत. बँका, फायनान्स कंपन्या आणि क्रेडिट कार्डवाले पाठवतील ती माहिती त्या साठवतात आणि तिच्यावरून ३०० ते ९०० दरम्यानचा स्कोअर काढतात. एकाच नावाच्या दोन माणसांची खाती एकत्र होणं यासारखे घोळ कंपनीच्या जुळवणीतही होऊ शकतात. पण फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल, तर चूक बहुधा कर्ज देणाऱ्याच्या दप्तरात सापडते. तक्रारीचा रोख तिकडेच हवा.

पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याने कर्जदाराला दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत घातली. त्याच कायद्यात एक अटही आहे: दुरुस्ती बरोबर आहे असं कर्ज देणाऱ्या संस्थेने प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनीने नोंद बदलायची नाही. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच होकारावर निकाल. बँकांची बाजू मांडणारे म्हणतील की ही अट नसेल तर प्रत्येक थकबाकीदार आपली नोंद पुसून घेईल आणि अहवालाला काही किंमतच उरणार नाही. हे म्हणणं खोटं नाही. माझा आक्षेप प्रमाणित करण्याला नाही, बँक उत्तरच देत नाही तेव्हा ते मौन नकारासारखं चालतं याला आहे. रिझर्व्ह बँकेलाही हे दिसलं असावं. जून २०२३ मध्ये तिने चारही कंपन्यांना प्रत्येकी २४ ते २६ लाख रुपयांच्या घरात दंड केला. पुढे नियम आला आणि एप्रिल २०२४ पासून लागू झाला: तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई. यातले पहिले २१ दिवस बँकेचे. तिने तोवर दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई तिच्याच खिशातून. दुरुस्ती नाकारली तर कारणही सांगावं लागतं. पाऊल योग्य आहे, रक्कम मात्र तोकडी. तीस लाखांच्या गृहकर्जाला चुकीच्या नोंदीपायी अर्धा टक्का व्याज जास्त लागलं, तर पहिल्याच वर्षी सुमारे १५ हजारांचा भुर्दंड पडतो. दोन महिन्यांच्या दिरंगाईची भरपाई मात्र सहा हजार.

खोटी नोंद आणि नकोशी नोंद यांत गल्लत केली की तक्रार फसते. तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं, तर अहवालात ‘सेटल्ड’ असं येतं आणि ते खरंच असतं. उरलेली रक्कम भरून बँकेकडून खातं पूर्ण बंद झाल्याची नोंद करून घेता येते, नुसत्या तक्रारीने मात्र ‘सेटल्ड’ ही नोंद पुसली जात नाही. पैसे घेऊन ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणारे एजंट नेमकी हीच गल्लत विकतात. खऱ्या चुकीची तक्रार कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. सोबत बँकेलाही लेखी पत्र द्यावं, त्याला नो ड्यूज सर्टिफिकेट आणि खात्याचा उतारा जोडावा, पोच घ्यावी.

लोकांनी आपला अहवाल आधीच पाहायला हवा होता, असंही म्हटलं जातं. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, त्यामुळे या सल्ल्यात चूक काही नाही. पण कोणी पॅनकार्डाची प्रत वापरून ॲपवरून परस्पर कर्ज उचललं असेल, तर न घेतलेल्या कर्जाचा पुरावा माणसाने आणायचा कुठून? तिथे करारावरची सही, केवायसीची कागदपत्रं आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली ते दाखवायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच असली पाहिजे, आणि पत्रात हेच तीन कागद मागावेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.