दाताचे मूळ आणि लेझरचा किरण

वसई रोड, नालासोपारा वा विरार स्थानकातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागले की दंतवैद्यांच्या पाट्या एकामागून एक दृष्टीस पडतात, आणि अलीकडे त्यांपैकी काहींवर उपचारांच्या लांबलचक नामावळीच्या शेवटी ‘लेझरद्वारे हिरड्यांचे उपचार’ अशीही ओळ आढळते. सुई, रक्त आणि खरवडणे यांच्या धास्तीने वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी न चढलेल्या माणसाला ही ओळ मोठा दिलासा वाटते. तो दिलासा कितपत साधार आहे, याची शहानिशा करायची तर प्रथम रोगाची कैफियत ऐकली पाहिजे.

हिरडी निरोगी असतानाही तिच्या कडेशी, दाताला लागून, एक ते तीन मिलिमीटर खोलीची खाच असते. या खाचेत जंतूंचा थर साचत राहिला आणि लाळेतले व हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातले क्षार त्यात मुरून त्याचे कीटण झाले, की हिरडी मुळापासून सुटू लागते, खाच चार-पाच-सहा मिलिमीटर खोल होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हाच रोग. तंबाखू त्याला खतपाणी घालते. आपल्याकडे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची चाल तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आत रोग बळावला तरी वरकरणी सारे आलबेल दिसते. मधुमेहाचे आणि या रोगाचे तर साटेलोटेच आहे: एक बिघडला की दुसऱ्यालाही तो बिघडवतो.

दंतवैद्य या खाचेचे मोजमाप ज्या बारीक सळईने करतो तिच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी असतो आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरच्या दरम्यान काळा पट्टा असतो. हलक्या हाताने ती दाताभोवती फिरवताना पट्टा हिरडीखाली किती बुडाला, यावरून रोगाची मजल कळते. खाचेत दडलेले कीटण वरच्या पिवळसर कीटणाहून काळपट व चिवट असते, आणि नौकेच्या बुडाला कवचधारी जीव चिकटून बसावेत तसे ते मुळाच्या खडबडीत पृष्ठभागात घट्ट रुतलेले असते. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्राने आणि हाती धरायच्या धारदार अवजारांनी ते काढून मूळ स्वच्छ करणे हाच आजवरचा मुख्य इलाज. परंतु खाच पाच मिलिमीटरहून खोल असेल, किंवा वरच्या दाढांची तीन मुळे जिथे फाटतात त्या दुबेळक्यात कीटण असेल, तर निष्णात हातालाही ते सगळे निपटता येत नाही. लेझरविषयीचे कुतूहल येथूनच जन्माला आले.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण उत्पन्न केला. पुढे चारच वर्षांत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर अवतरला, आणि त्याचे जनक चंद्रकुमार पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले होते, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानास्पद वाटावी अशीच आहे. मात्र त्यांचा किरण हिरडीसारखा मऊ भाग कापायला उत्तम असला, तरी मुळावर नीट बेताने न वापरल्यास तो पृष्ठभाग करपवतो. कोणता किरण कशात शोषला जातो, यावरच त्याची उपयुक्तता ठरते. दवाखान्यांत सर्रास दिसणारा छोटा डायोड लेझर रक्तातील व जंतूंतील रंगद्रव्यांत शोषला जातो; सुजलेल्या हिरडीवर त्याचा परिणाम होतो, पण कीटण काढणे हे त्याचे काम नव्हे. उलट तो एका जागी रेंगाळला तर मूळ तापते. आणि हाडाचे तपमान ४७ अंशांवर मिनिटभर राहिले तरी त्याला इजा होते, असे स्वीडनमधील संशोधनात आढळून आले आहे.

मुळावरील कामाला खऱ्या अर्थाने लायक ठरला तो अर्बियम-याग लेझर. त्याची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर, आणि पाणी हीच लांबी सर्वांत अधीरतेने शोषून घेते. कीटणात व मुळाच्या आवरणात जे किंचित पाणी असते ते क्षणार्धात वाफ होऊन फुटते आणि त्या सूक्ष्म स्फोटाने कीटणाचा कण उडून जातो. उपचार चालू असताना टकटक असा आवाज येतो, बारीक टोकातून पाण्याचा फवारा सतत पडत राहतो, आणि वैद्य, मदतनीस व रोगी या तिघांच्याही डोळ्यांवर त्या विशिष्ट किरणासाठीचे संरक्षक चष्मे असतात. पाण्यामुळे उष्णता मर्यादेत राहते. पण शक्ती अधिक लावली तर मूळच कोरले जाते, म्हणून येथेही हाताचा संयम सुटता कामा नये.

एवढे असूनही निकाल काय? युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत, उपलब्ध पुराव्यांची छाननी करून, नेहमीच्या सफाईला जोड म्हणून लेझर वापरू नये असेच सुचवले आहे. कारण जास्तीच्या खर्चाच्या मानाने जास्तीचा लाभ निश्चितपणे दिसून येत नाही. लेझर हे निरुपयोगी साधन आहे असा याचा अर्थ नव्हे, तर नीट केलेल्या साध्या सफाईची बरोबरी करणे हीच त्याची मोठी कामगिरी आहे, असा आहे.

तेव्हा पाटी वाचून खुर्चीवर बसण्यापूर्वी रोग्याने काही गोष्टींची खातरजमा करून घ्यावी: खाचांची मापे कागदावर नोंदली आहेत काय, लेझर कोणत्या जातीचा आहे, तो कीटण काढण्यासाठी आहे की हिरडीसाठी, त्याखेरीज हाताची सफाई होणार आहे की नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मापे घेतली जातील काय. खर्चाचा बोजा पेलवणारा नसेल तर पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरून, १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नायर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाची वाट धरता येते. दात साफ केल्याने ते ढिले होतात, ही भीतीही सोडून द्यावी. कीटण गेले आणि सूज ओसरली म्हणजे आधीच सैल झालेला दात सैल असल्याचे उघडकीस येते, इतकेच. आणि मशेरी सोडणे, रोज दोनदा दात घासणे, दातांच्या फटी साफ ठेवणे व ठरल्या मुदतीने तपासणीस जाणे, ही चार कामे मात्र कोणत्याही किरणाकडे सोपवता येत नाहीत. ती ज्याची त्यानेच करायची असतात, आणि लेझरवर खर्च केलेला पैसा वसूल होतो की वाया जातो, हे त्यांच्यावरच ठरते.